इटलीची द्राक्षे, सोलापूरची मालदांडी आणि आपण

(केळझर येथील शेतकरी बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय केळझरात उभे राहून काढायला थोडी भीड वाटते. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे आणि आम्ही बोलणार आहोत द्राक्षाच्या वाईनबद्दल. आधीच सांगून टाकतो. ती आम्ही चाखली ती इथे नाही, सोलापूर जिल्ह्यात अकलूजला. आणि ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असेही आम्ही म्हणणार नाही. शंभरात बारा-तेरा भाग मद्यार्क तिच्यातही असतो. दारूने बसलेली घरे समोरच्या मायबहिणींना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. तेव्हा प्यावी की पिऊ नये, याचे हे भाषण नाही. हे भाषण एका कागदाबद्दल आहे.

उन्हाळ्यात आपल्याच भागातला एक तरुण कास्तकार आमच्याकडे आला. हातात करारनाम्याचा नमुना. दोन एकरांत इटलीच्या जातीची वाईनची द्राक्षे लावायची, रोपे रोख पैसे देऊन घ्यायची, मांडव आणि ठिबक कर्जातून उभे करायचे, माल करार करणारा नेणार. कागदावर ठळक अक्षरांत छापले होते, ‘उष्णता सहन करणारे वाण’. तो म्हणाला, “भाऊ, मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जाते. हे वाण उन्हात टिकते म्हणतात. लावू का?”

तो पोरगा आज इथेच बसला आहे. त्याला जे उत्तर दिले ते सगळ्यांसमोर सांगावे असे ठरले, कारण असे कागद आज एकाकडे आले, उद्या दहांकडे येतील.

अकलूजची बाटली

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ज्वारी पाहायला गेलो होतो. परतताना अकलूजला एका द्राक्षबागाइतदार मित्राकडे मुक्काम केला. त्या भागात 2007 पासून एक वाईनचा उद्योग उभा राहिला आहे, फ्रॅटेली नावाचा. इटालियन भाषेत फ्रॅटेली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेची बंधू अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून तो काढला. रोपे परदेशातून आली, बागांची आणि वाईनची आखणी इटलीतल्या टस्कनीच्या पिएरो मासी या जाणकाराने केली. टस्कनीची मुख्य जात सांजोवेसे. ती अकलूजच्या माळावर लावली गेली.

मित्राने त्या सांजोवेसेची बाटली काढली. बाटलीवर ‘बियांको’ असे लिहिलेले. बियांको म्हणजे पांढरी. आता सांजोवेसे हे काळे द्राक्ष. ज्युपिटर नावाच्या देवाचे रक्त, असा त्या नावाचा अर्थ सांगतात. मग वाईन पांढरी कशी? तर द्राक्षाचा रंग सालीत असतो, रसात नसतो. काळे द्राक्ष हलक्या दाबाने पिळले आणि साल लगेच बाजूला काढली, तर रस जवळजवळ पांढराच निघतो. साल रसात भिजत ठेवली तर तांबडी वाईन होते.

पेल्यात ओतली तेव्हा वाळल्या तणसासारखा फिका पिवळा रंग होता. वास लिंबाच्या सालीचा आणि हिरव्या सफरचंदाचा. पहिल्या घोटाला आमचे तोंड वाकडे झाले. आमच्यातला एक जण म्हणाला, “कैरीचं पन्हं केलं अन् साखर घालाचं इसरले!” मग पिठले-भाकरी आणि ठेचा आला. तिखटावर दुसरा घोट घेतला तेव्हा त्या आंबटपणाचे काम कळले. आपण जेवणात लिंबाची फोड ठेवतो, तेच काम. जीभ साफ होते, पुढचा घास चांगला लागतो. कडवटपणा शेवटी थोडासा, बदामाच्या सालीसारखा. गोडी जवळजवळ नाहीच, कारण द्राक्षातली साखर आंबवताना मद्यार्कात गेलेली असते.

आमच्यासोबत आपल्या भागातले एक काका होते. माळकरी माणूस. त्यांनी पेल्याला हात लावला नाही, पाणी घेतले. बाटली मात्र हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिली. विचारले, “याच्यावर काय काय लिवलं हाये जी?” मित्राने वाचून दाखवले. कंपनीचे नाव, द्राक्षाच्या जातीचे नाव, साल, कुठे बनली ते. काका म्हणाले, “अन् आपल्या ज्वारीच्या पोत्यावर काय लिवते? वजन.”

आम्ही अकलूजहून जे घेऊन आलो ते हे वाक्य. वाईनची चव दुसऱ्या दिवशी विसरली.

उन्हात द्राक्षाचे काय होते

आता त्या कागदाकडे. ‘उष्णता सहन करणारे’ म्हणजे नेमके काय?

द्राक्षात दोन आम्ले महत्त्वाची. एक टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असते. दुसरे मॅलिक, जे कच्च्या सफरचंदात असते. चिंचेचे आम्ल उन्हात बऱ्यापैकी टिकते. मॅलिक टिकत नाही. दिवस तापले आणि रात्रीही थंड झाल्या नाहीत की द्राक्ष श्वसनात ते जाळून टाकते. साखर चढत जाते आणि आंबटपणा उतरत जातो. अशा द्राक्षाची वाईन मद्यार्काने जड होते आणि चवीला मिळमिळीत लागते. म्हणून गरम मुलखात वाईनवाले अशा जाती शोधतात, ज्या साखर भरली तरी आंबटपणा राखून धरतात. सांजोवेसे उशिरा पिकते आणि आंबटपणा राखते. इटलीतच सार्डिनिया बेटाकडची वर्मेंतिनो, सिसिलीची ग्रिलो, दक्षिणेकडची फियानो या पांढऱ्या जाती याच गुणासाठी नावाजलेल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या गरम भागातले बागाइतदार आता वर्मेंतिनो आणि फियानो लावू लागले आहेत. त्या आम्ही चाखलेल्या नाहीत, पण तत्त्व तेच.

म्हणजे पेल्यातला तो आंबटपणा, ज्याने आमचे तोंड वाकडे झाले, तोच त्या वाणाचा गुण. वाण उष्णता सहन करते म्हणजे वेल 45 अंशांत हसत उभी राहते असे नव्हे. पिकत्या फळाचा आंबटपणा टिकतो, एवढाच त्याचा अर्थ.

आणि महाराष्ट्रात तर पिकते फळ मे महिन्याच्या उन्हात सापडतच नाही. आपल्याकडे द्राक्षाला दोन छाटण्या. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. माल निघतो जानेवारी ते मार्च. मे महिन्यात वेलीवर घड नसतो, नुसत्या काड्या तयार होत असतात. तेव्हा “आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 जाते, म्हणून हे वाण लावू” हा हिशोब मुळातच चुकतो. वाण ज्या परीक्षेत पास झाले ती परीक्षा आपली नाही.

ऊन वेगळे, पाणी वेगळे

यापेक्षा मोठी गोष्ट पाण्याची. उन्हात टिकणे आणि पाण्याशिवाय टिकणे हे दोन वेगळे गुण आहेत. सोलापूरचा माळ कोरडा, पाऊस आपल्या निम्म्याच्या आसपास. पण द्राक्षाच्या बागेत ठिबक आहे. छाटणीनंतर, फुलोऱ्यात, मणी फुगताना मोजून पाणी दिले जाते. कमी पाणी देण्याचेही शास्त्र आहे, पण कमी देण्यासाठी आधी हाताशी पाणी लागते.

आपल्याकडे उलटे आहे. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, पण तो चार महिन्यांत पडतो आणि काळ्या भारी जमिनीत मुरून बसतो. द्राक्षाच्या मुळांना पाणी साचलेले चालत नाही. ढगाळ दमट हवेत पानांवर केवडा येतो, कोरड्या थंडीत भुरी येते. फवारण्यांचा खर्च आपल्या पऱ्हाटीच्या फवारण्यांना लाजवेल असा. माल तयार होतो तेच दिवस आपल्याकडे गारपिटीचे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट कोणी विसरलेले नाही. तेव्हा गहू-चना झोपला. तो एका हंगामाचा तोटा होता. मांडव झोपला तर कर्जाचे हप्ते तसेच उभे राहतात.

पाण्याशिवाय उन्हात टिकणारे पीक पाहायचे असेल तर इटलीला जाऊ नका. धुऱ्यावर उभे राहून ज्वारी पाहा. पाणी तुटले की ज्वारी पान गुंडाळते, पानावरचा मेणाचा थर ओल धरतो, वाढ थांबवून ती गप्प बसते. पाऊस आला की पुन्हा चालू लागते. पऱ्हाटी पात्या आणि बोंडे गाळून स्वतःला वाचवते आणि ओल मिळाली की नवा बहार धरते. हे गुण आपल्या वावरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी त्याचा कागद छापला नाही, एवढेच.

एकच गिऱ्हाईक

समजा पोराच्या वावरात ओलित आहे, जमीन निचऱ्याची आहे, बाग उभी राहिली. पुढे काय?

वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बिया. खायला कोणी घेत नाही, बेदाणा होत नाही. घेणार फक्त वाईनवाला. आणि वाईन बनवण्याचा परवाना दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यात मिळायचा नाही. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, तरी नाशिक काही शेजारी येत नाही. फळ तर असे, की साखर आणि आंबटपणाचा मेळ बसला की दोन-तीन दिवसांत तोडावे लागते. गाडी उशिरा आली तर जो आंबटपणा टिकवण्यासाठी हे सारे केले तोच उतरलेला असतो. मग भाव पाडायला कारण तयार. कापूस तुम्ही घरात भरून दोन महिने वाट पाहू शकता. एक जिनिंगवाला आवडला नाही तर दुसरा आहे, सीसीआय आहे. वाईनच्या द्राक्षाला ना वाट पाहता येते, ना दुसरे दार.

हे आम्ही मनाने बोलत नाही. राज्य सरकारने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. विंचूरला आणि पलूसला वाईन पार्क झाले, सवलती मिळाल्या, आणि ज्यांनी वेळेवर पाय रोवले त्यांचे भले झाले. हेही खोटे नाही. पण 2008 साली जगात मंदी आली. त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, वाईनचा खप घसरला. नाशिककडे वाईनची द्राक्षे घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. कित्येक बागाइतदारांनी उभ्या बागा उपटल्या. ते हाडाचे द्राक्षवाले होते, पाणी होते, शास्त्र ठाऊक होते.

इथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. 2002 साली अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आम्ही गावी आलो. त्या वर्षांत विदर्भात सफेद मुसळीची हवा होती. ‘माल आम्हीच परत घेऊ’ असा करार घेऊन एक कंपनी आली. आम्ही पदवीधर, करारातले शास्त्र वाचले, ते बरोबर होते. गावातल्या चार घरांना सांगितले, लावा. पीक चांगले आले. माल काढायच्या वेळी कंपनीच्या दाराला कुलूप होते. शास्त्र बरोबर, पीक बरोबर, आणि चार घरे कर्जात. त्यांतले एक काका पुढेही आमच्या बैठकींना येत राहिले. त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ती गोष्ट आम्हाला अजून जास्त टोचते. पीक येईल का हा प्रश्न आम्ही विचारला होता. पीक आल्यावर भाव कोण ठरवणार हा विचारला नव्हता.

मालदांडीला पन्नास पैसे

आता काकांच्या पोत्याकडे येऊ.

सोलापूर जिल्ह्यातच मोहोळ आहे. तिथल्या संशोधन केंद्रावर 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम 35-1 हे वाण काढले. नव्वद वर्षे होत आली. आजही रब्बी ज्वारीचे नवे वाण काढले की त्याची तुलना या मालदांडीशी होते. जमिनीतल्या ओलीवर वाढते, शेवटी ताण पडला तरी खडखड्याला लवकर बळी पडत नाही, भाकरी गोड, कडबा जनावर आवडीने खाते. त्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन उन्हातली वाणे. एक परदेशातून आले, त्याचे नाव बाटलीवर छापून बाटली विकली जाते. एका बाटलीला किलोच्या थोडी वर द्राक्षे लागतात. दुसरे त्याच मातीतले. त्याच्या नावाला सरकार किती देते? 2025-26 च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3699 रुपये आणि मालदांडीचा 3749. फरक पन्नास रुपये. किलोला पन्नास पैसे. नव्वद वर्षांच्या चवीची ही किंमत!

यात सारा दोष सरकारचा नाही. आपण काय करतो? चांगली ज्वारी, पावसात काळी पडलेली ज्वारी, दोन वाणांची मिसळ, सारे एका गंजीत. वजनावर भाव मिळतो, म्हणून वजन नेतो.

हिंगणघाट हे नाव होते

आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आठवा. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाट हे नुसते गावाचे नाव नव्हते, ते कापसाचे नाव होते. इथल्या बनी कपाशीचा धागा देशी वाणांत उत्तम मानला जाई आणि त्या नावाने माल विलायतेच्या बाजारात ओळखला जाई. मग जास्त पिकणारे आणि सरकीमागे जास्त रुई देणारे जाडेभरडे वाण आले. व्यापाऱ्याने भाव वजनाचा दिला, धाग्याचा वेगळा दिला नाही. कास्तकाराने काय करावे? त्याने जास्त वजनाचे वाण लावले. त्यात त्याची चूक नव्हती, हिशोबच तसा होता. पण बनी गेली आणि नावही गेले.

उलट वायगावची हळद पाहा. समुद्रपूर तालुक्यातले गाव, आपल्याच जिल्ह्यातले. 2016 साली तिला मानांकन मिळाले. वाण जुनेच, माती जुनीच. वेगळे ठेवले, वेगळे विकले, नाव धरून ठेवले. मानांकनाने सारे प्रश्न सुटले असे नाही, पण हळद घेणारा माणूस ‘वायगावची आहे का?’ असे विचारतो. आपल्या ज्वारीबद्दल असा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि नवे वाण घ्यायचेच असेल तर कसे घ्यावे, तेही त्या वाईनवाल्यांकडून शिकू. फ्रान्सचे बोर्दो हे वाईनचे मोठे घराणे. हवामान तापत चालले म्हणून त्यांनी 2021 साली सहा नव्या जातींना परवानगी दिली. पण कशी? बागेच्या पाच टक्क्यांहून जास्त क्षेत्रात लावायच्या नाहीत, आणि वाईनमध्ये दहा टक्क्यांहून जास्त मिसळायच्या नाहीत. ज्यांच्याकडे पैसा आहे, शास्त्र आहे, विमा आहे, ते शंभर ओळींतल्या पाच ओळींवर परीक्षा घेतात. आपण 2002 साली बीटी आले तेव्हा काही वर्षांतच जवळजवळ सारी पऱ्हाटी तिच्याखाली आणली. बीटीला आमचा विरोध नाही. आमचा विरोध एका डावात सारे वावर लावण्याला आहे.

त्या कागदाचे काय?

पोराला आम्ही ‘लावू नको’ असे म्हटले नाही. वावर त्याचे, निर्णय त्याचा. आम्ही म्हटले, सही करण्याआधी पाच प्रश्न लेखी विचार आणि उत्तर लेखी घे.

साखर आणि आंबटपणा कोण मोजणार, कुठे मोजणार, आणि मोजताना तू समोर असशील का? तोडणीच्या ठरल्या दिवशी गाडी आली नाही तर नुकसान कोणाचे? करार करणाऱ्याने माल नेला नाही तर दुसरा घेणारा कोण, त्याचे नाव-गाव? कर्ज कोणाच्या सातबाऱ्यावर चढणार? आणि आपल्यासारख्या काळ्या जमिनीत, आपल्या पावसात, या वाणाने तीन वर्षे फळ दिलेली एक तरी बाग दाखवाल का?

पाचही उत्तरे मिळाली तर आम्ही स्वतः त्याच्यासोबत बाग पाहायला जाऊ, आणि मग म्हणू, दोन एकर नको, एक ओळ लाव. उत्तरे अजून आलेली नाहीत.

आपल्यासाठी काय? ‘ज्वारी लावा’ असे नुसते सांगणे सोपे आहे. ज्वारी का सुटली हे आम्हाला माहीत आहे. खरिपाची ज्वारी पावसात काळी पडते. पाखरे आहेत. बोरच्या जंगलालगत तर रानडुकरे उभे पीक लोळवतात. मजूर मिळत नाही. म्हणून मोठे काही सांगत नाही. दहा घरांनी, ज्यांची जमीन भारी आहे, मुगा-उडदानंतर अर्धा एकर रब्बी मालदांडी घ्यावी. वावरे शक्यतो लागून असावीत, म्हणजे राखण सारखी वाटून घेता येईल. मळणी वेगळी, पोते वेगळे. पोत्यावर वाण, गाव आणि साल लिहायचे. हुरडा, भाकरीचे पीठ आणि कडबा यांचा हिशोब वेगवेगळा ठेवायचा. वर्धा आणि नागपूरच्या बाजारात आपण नावाने विकून पाहू. मायबहिणींच्या बचत गटांनी पीठ आणि पापड हाती घेतले तर पहिला भाव त्यांनीच ठरवावा.

ज्यांना यात यायचे आहे त्यांनी पोळ्याच्या आधी नावे द्यावीत. दहापेक्षा जास्त घेणार नाही. बियाणे, राखण, मजुरी, विक्री, सारा हिशोब पुढच्या हंगामाच्या बैठकीला याच पत्रकात छापू. तोटा आला तर तोही छापू.